गुणाकार मंजुरीसाठी सादर

माझ्या बायकोला डच भाषा येते, ही बातमी सगळ्यांत शेवटी माझ्या बायकोला कळली. तिच्याआधी ती मला ठाऊक होती, सहमच्या टायपिंग सेंटरातल्या रमणला ठाऊक होती आणि सोहारमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना ठाऊक होती. बातमी खोटी होती एवढं सोडलं, तर तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

गुन्हा माझा, हे आधीच कबूल करून टाकतो. पण कोर्टसुद्धा आरोपीला दोन शब्द बोलू देतं, तेव्हा मलाही बोलू द्या.

विशाखानं चिपळूणला अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. २००८ साली माझ्यामागोमाग ओमानला आली आणि शिकवणं सुटलं. मुलगी घरात होती तोवर ते फारसं जाणवलं नाही. म्हणजे मला जाणवलं नाही. त्या वर्षी, २०१४च्या जूनमध्ये, मुलगी पुण्याला कॉलेजात गेली आणि आमचं घर एकदम फार नीटनेटकं झालं. इतकं, की मला चप्पल काढायलासुद्धा भीती वाटायची. विशाखा दुपारभर जेवणाच्या टेबलाशी बसून दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. एका रीतीनं सोडवायची, मग दुसऱ्या रीतीनं. एकदा विजेच्या बिलाच्या पाठीमागे मला अख्खं पायथागोरसचं प्रमेय सापडलं. "हे कुणासाठी?" मी विचारलं. "कुणासाठी नाही," ती म्हणाली आणि भाजी ढवळायला गेली. मला ते उत्तर आवडलं नाही. पण समोर मॅच चालू होती.

अशात सोहारच्या सुपरमार्केटमधल्या फळ्यावर, जुना सोफा विकणे आणि पोपट हरवला यांच्या मधोमध, एक चिठ्ठी दिसली. डच मुलांच्या छोट्या शाळेला गणिताची बाई हवी. मुलं नऊ. रोज तीन तास. शिकवणं इंग्रजीतून चालेल. विशाखानं ती चिठ्ठी तीनदा वाचली, दही घ्यायला विसरली आणि घरी येऊन एका फुलस्केपवर स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. नाव, शिक्षण, अकरा वर्षं, गणित. संपलं. माझ्या हातात देत म्हणाली, "एवढं टाइप करून आणा."

एवढंच करायचं होतं. पण माणूस आखातात सहा वर्षं राहिला की त्याला एका पानाचा बायोडेटा बघवत नाही. इथे आमच्या कंपनीतला चहावालाही चार पानी बायोडेटा बाळगून आहे. रमणनं विशाखाचा कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का ते बघितलं.

"सर, बस इतना ही? ये तो मॅडम का ॲड्रेस जैसा दिखता है."

"अनुभवी आहे हो ती."

"एक्सपीरियन्स सबके पास है, सर. लँग्वेजेस में क्या डालूँ? स्कूल डच है ना? तो डच डालो. बेसिक. बेसिक में कोई पकडता नहीं."

मी म्हणालो, बेसिकसुद्धा येत नाही. रमण म्हणाला, मग "डचमधील मूलभूत गणिती संज्ञांचे ज्ञान" असं लिहू, त्यात ज्ञान किती ते कुठे लिहिलंय? मला ते वाक्य कानाला फार भारदस्त वाटलं. त्याखाली त्यानं आणखीही काय काय घातलं, ते मी नीट वाचलं नाही. तीन पानं झाली, आणि तीन पानं बघून मला बायकोचा अभिमानच वाटला.

रविवारी शाळेचं पत्र आलं. विशाखानं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. मिसेस फिसर नावाच्या मुख्याध्यापिकाबाई लिहीत होत्या, की तुम्हाला मुलाखतीला आणि दहा मिनिटांच्या नमुना पाठाला बोलावताना आनंद होतो. तुम्हाला डच गणिती संज्ञा येतात हे वाचून तर विशेष आनंद झाला. आमची सात-आठ वर्षांची मुलं सध्या टाळ्या वाजवत शब्दांची फोड करायला शिकताहेत, तेव्हा पाठाची सुरुवात आपण पुढील शब्दानं करावी: तो फळ्यावर तुकडे पाडून लिहावा आणि मुलांबरोबर टाळ्यांवर म्हणावा. शब्दाचा अर्थ, गुणाकार.

मग विशाखानं शब्द वाचायला घेतला. व्ही, ई, आर, एम, ई, एन, आय, जी... इथे ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. सतरा अक्षरं झाली. आगगाडीच्या डब्यांसारखी एकाला एक जोडलेली, मध्ये कुठे उतरायला जागा नाही.

"मला डच कधीपासून येतं?" तिनं विचारलं.

मी रमणचं नाव घेतलं. मग हळूहळू माझंही घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "मी गणित शिकवायला जाणार होते. तुम्ही मला नाटकात उभी केलीत." आत जाऊन तिनं सगळी प्रश्नपत्रिकांची चळत कपाटात टाकली आणि दार लावलं. सहा वर्षांत तिनं स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मी बायोडेटाच्या तिसऱ्या पानावर घालवली होती.

तासाभरानं ती बाहेर आली. "पाठ माझा मी बघते," ती म्हणाली. "हा शब्द तुम्ही आणलात, तो कसा फोडायचा नि कसा म्हणायचा, ते तुम्ही शोधून आणा. पुढच्या गुरुवारपर्यंत." एवढं बोलून तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. अकरा दिवस हातात होते. एक शब्द, अकरा दिवस. मी म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ.

इंटरनेटवर ऐकायची सोय असते, हे मलाही कळतं. मी ऐकलं. यंत्रातली बाई तो शब्द इतक्या घाईत उरकायची, की तिची बस सुटत असावी. मी तो शब्द गाडीत चाळीस वेळा ऐकला. सहम ते सोहार अर्धा तास लागतो, त्या अर्ध्या तासात मला तो दर वेळी वेगळा ऐकू आला. एकदा तर चक्क पाच तुकडे, एकदा सात. सिग्नलवर शेजारच्या गाडीतला ओमानी गृहस्थ माझ्याकडे बघत होता, कारण मी स्टिअरिंगवर टाळ्या वाजवत होतो.

मग शाळेत शिकलेलं आठवलं. यमाताराजभानसलगं! लघु-गुरू पाडून बघितलं. पहिले तीन तुकडे गुरू, म्हणजे मगण. पुढचे तीन गुरू-लघु-गुरू, म्हणजे रगण. फार आनंद झाला. पण मगण-रगण हातात घेऊन पुढे काय करायचं ते सुचेना, आणि तुकडे सहाच आहेत हे आपण आधीच धरून चाललो होतो, हेही लक्षात आलं.

आमच्या शेजारी हारूनभाई राहतात. मूळचे श्रीवर्धनचे, सहमला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. कुठलीही अडचण त्यांच्याकडे नेली, की ते आधी टेप काढतात.

"नाथभाऊ, ह्यात काय कठीण? सतरा अक्षरां ना? सहाचे तुकडे पाडायचे तर सतराला सहा जात नाहीत. एक कमी पडतो. वेस्टेज धरा."

"हारूनभाई, शब्द आहे, पाइप नाही."

"मग काय झालां? कापायचा तर मोजून कापायचा."

त्यांच्या पत्नी खुदेजाभाभी दुपारी बिल्डिंगमधल्या मुलांना कुराण पढवतात. उच्चाराच्या बाबतीत त्या फार कडक आहेत. त्यांच्याकडच्या मुलांचा एक हर्फ, म्हणजे अक्षर, जरी चुकला, तर तो कंठाच्या नेमक्या कुठल्या मजल्यावरून यायला हवा होता, हे त्या बोट लावून दाखवतात. त्यांनी माझ्या फोनवर यंत्रातल्या बाईला एकदाच ऐकलं.

"ह्यात तीन ग आहेत," त्या म्हणाल्या. "दोन घशातले. तिसरा नाकातला, तो बोलायचाच नाय. पयला खवरा आहे, अरबीतल्या खे सारखा, दुसरा नरम, ग़ैनसारखा. तुम्ही तिन्ही ग एकाच ताटात वाढताव, भाऊ. बोला, ग़ैन."

मी बोललो.

"हा गणपतीतला ग झाला. तो ओठाच्या जवळचा. खाली उतरा. अजून खाली."

मी उतरलो. इतका खाली उतरलो, की ठसका लागला आणि आत स्वयंपाकघरातून हारूनभाई पाणी घेऊन धावत आले. शेजारी बसलेली सहा मुलं शिस्तीत कुराण मिटून माझ्याकडे बघत होती. एका चिमुरडीनं मला तो ग सहज म्हणून दाखवला. पन्नाशीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हे सहन करणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी खुदेजाभाभींनी मला सांगूनच टाकलं, की तुम्ही नका येऊ, विशाखाभाभींना पाठवा. विशाखा गेली. भिंतीपलीकडून मला दोघींचं ग़ैन, खे, ग़ैन, खे ऐकू यायचं. मध्येच हसणंही ऐकू यायचं, आणि ते माझ्याविषयी असावं असा मला संशय होता. घरी आली की पुन्हा तोंड बंद. घशाची सोय झाली. पण शब्दाचे तुकडे कुठे पाडायचे, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे होता. खुदेजाभाभी म्हणाल्या, लिखावटीचं मला विचारू नका, ते डचवाल्यांना विचारा.

आता डचवाला माझ्या ओळखीचा होता, आणि तीच माझी अडचण होती.

मी सोहार औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे काय, ते माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. सोपं आहे. आमचे इंजिनियर ड्रॉइंग काढतात, मी त्यावर नंबर घालतो, वर एक ट्रान्समिटल नावाचा फॉर्म लावतो आणि ते सल्लागारांच्या ऑफिसला पाठवतो. सल्लागार ते तपासून शिक्का मारून परत पाठवतात. शिक्क्यावर कोड एक असेल तर मंजूर, दोन असेल तर मंजूर पण सूचनांसह, तीन असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करा. तीन आला की जेवण जात नाही. आणि हा शिक्का मारणारे सल्लागारांचे मुख्य इंजिनियर म्हणजे मिस्टर डेकर, सव्वासहा फूट उंच आणि अस्सल डच.

त्यांचं ऑफिस आमच्यापासून चाळीस पावलांवर. रोज सकाळी दिसतात. पण त्यांच्याशी तोंडी बोलायला आमच्या कंपनीतल्या सर्वांना सक्त मनाई आहे. पूर्वी एका सुपरवायझरनं त्यांची तोंडी परवानगी घेऊन एक भिंत पाडली होती, तेव्हापासून परिपत्रकच निघालं: सल्लागारांशी सर्व व्यवहार लेखी आणि ट्रान्समिटलद्वारेच. ते परिपत्रक मी स्वतः टाइप केलेलं. स्वतः टाइप केलेला नियम मोडायला निराळं काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही.

म्हणून मंगळवारी मी जे केलं, ते मला त्या वेळी अत्यंत तर्कशुद्ध वाटलं होतं. मी एक पांढरा कागद घेतला, मधोमध तो शब्द माझ्या समजुतीप्रमाणे फोडून टाइप केला: व्हर, मेन, इग, व्हुल, डिग, इंग. खाली नंबर घातला. विषय लिहिला, "गुणाकार: शब्दाची फोड व उच्चार, रिव्हिजन शून्य." वर ट्रान्समिटल लावलं. "कशासाठी" या रकान्यात "मंजुरीसाठी" वर खूण केली आणि पाठवून दिलं. बटण दाबल्यावर मला आठवलं, की आमच्या सिस्टीममध्ये ट्रान्समिटल एकट्या सल्लागारांना जात नाही. सतरा जणांना जातं. अक्षरं सतरा, माणसंही सतरा.

पहिलं उत्तर खरेदी विभागाकडून आलं. "कृपया नग किती व डिलिव्हरी कधी, ते कळवावे. स्थानिक बाजारात उपलब्ध नसल्यास आयातीस सहा आठवडे." दुसरं सेफ्टी ऑफिसरचं. हे काम उंचीवर आहे का, आणि जोखमीचा तक्ता जोडलेला का नाही? स्टोअरवाल्यानं थेट फोन केला, "साहेब, ठेवू कुठे? सावलीत ठेवायचं का?" मी प्रत्येकाला सांगत होतो, दुर्लक्ष करा, चुकून आलंय. पण आमच्या कंपनीत दुर्लक्ष करायलाही लेखी आदेश लागतो. तो आदेश काढण्याचं काम माझ्याकडेच आहे. त्याला नंबर घालावा लागला.

आणि खरी गोम पुढेच होती. करारानुसार सल्लागारांना तपासणीसाठी चौदा दिवस मिळतात. मुलाखतीला उरले होते नऊ.

मी खुर्चीत बसू शकेना. दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जायचो. तिथून मिस्टर डेकरांचं डोकं दिसायचं. डोकं खाली असलं की वाटायचं, माझाच कागद वाचताहेत. वर असलं की वाटायचं, वाचून विचार करताहेत. शनिवारी सुट्टी होती तरी मी गाडी काढून ऑफिसपर्यंत जाऊन आलो, कुलूप बघितलं आणि परत फिरलो. घरी विशाखा टेबलाशी बसून पाठाची टाचणं काढत होती. कपाटातली चळत पुन्हा बाहेर आली होती. मला बघून तिनं फक्त भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे." ती पुन्हा कागदात शिरली.

सोमवारी कागद परत आला. कोड तीन.

डेकरसाहेबांनी लाल पेन्सिलनं "मेन"भोवती आणि "डिग"भोवती ढग काढले होते. आमच्या धंद्यात चूक दाखवायला असा ढग काढतात. बाजूला बारीक अक्षरात शेरे होते. एक: तुकडे चुकीच्या जागी. दोन: जोर कुठल्या तुकड्यावर ते दाखवलेलं नाही. तीन: उच्चाराचा आडवा छेद द्यावा. तिसऱ्या शेऱ्याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. पण शेजारी त्यांनी योग्य फोड लिहिली होती: व्हर, मे, निग, व्हुल, डि, गिंग. जोर "मे" वर. सहाच तुकडे! माझे मगण-रगण खरे ठरले होते आणि ते सांगायला मला कुणी नव्हतं.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. उत्तर मिळालं, चला घरी. पण कोड तीन शिरावर घेऊन घरी जाणं डॉक्युमेंट कंट्रोलरच्या रक्तात नाही. शिवाय विशाखाच्या हातात ढगांनी भरलेला कागद ठेवायचा? तिनं शिक्षकी पेशात अकरा वर्षं लाल पेन्सिल चालवली, तिला मी माझा लाल झालेला पेपर कसा दाखवू? मी रिव्हिजन एक तयार केली.

रिव्हिजनवर आमच्या क्वालिटी मॅनेजरची सही लागते. जमाल हा मूळचा सोहारचाच, मनानं मोठा, पण वाचल्याशिवाय सही न करणारा. त्यानं कागद वरून खाली, मग खालून वर वाचला.

"या अखी, माझ्या भावा एकनाथ, ह्याचा रेफरन्स स्टँडर्ड कुठला?"

"जमालभाई, बायकोचा इंटरव्ह्यू आहे," मी शेवटी सांगून टाकलं. सगळं सांगितलं. रमण, बेसिक, तिसरं पान, कपाटाचं दार.

जमालनं चष्मा काढला. "म्हणजे हे खोटं तू लिहिलंस आणि खरं करायला सतरा माणसं कामाला लावलीस?" मग तो पुसत म्हणाला, "ती काय म्हणते?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"खलास. मग हा कागद तिला दे आणि गप्प बस." पण सही केली त्यानं, शिक्काही मारला, वर कंपनीच्या नियमाप्रमाणे अरबीत मथळा हवा म्हणून स्वतः सुंदर अक्षरात लिहून दिला.

विशाखाला मी बुधवारी सांगितलं, उद्या सकाळी मंजूर प्रत येतेय. तिनं आठवड्यानंतर पहिलं वाक्य उच्चारलं, "मला प्रत नको. मी जाऊन येईन." गुरुवारी सकाळी मी तिला शाळेच्या दारात सोडलं. तिनं चिपळूणच्या शाळेत नेसायची ती निळ्या काठाची साडी नेसली होती. मी तिथून उलटा ऑफिसात पळालो. नऊला शिक्का पडला. कोड एक! रिव्हिजन एक, कोड एक, तीन दिवसांत. आमच्या प्रकल्पात असं पूर्वी झालेलं नाही. मी त्यावर लाल शाईनं "नियंत्रित प्रत" मारलं, प्लास्टिकच्या फोल्डरात घातलं आणि सोहारच्या प्रत्येक गोलचौकाला शिव्या देत शाळा गाठली.

शाळा म्हणजे एक साधा बंगला. एसीसाठी खिडक्या गच्च बंद. मी व्हरांड्यात जाऊन काचेला नाक लावलं. आत नऊ मुलं जमिनीवर बसली होती, मागे एक उंच बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि फळ्याशी विशाखा. फळ्यावर सतराच्या सतरा अक्षरं सलग लिहिलेली, एकही तुकडा न पाडता! मुलं टाळ्या वाजवत होती. मी मोजल्या. सहा. बरोबर. मग विशाखानं वाजवल्या, मुलं हसली आणि पुन्हा वाजवल्या. मग काहीतरी भलतंच सुरू झालं. दोन टाळ्या, थांबा, दोन टाळ्या, थांबा. सहा नाहीत! माझा धीर सुटला. मी फोल्डर उघडून तो मंजूर कागद दोन्ही हातांनी काचेवर दाबून धरला आणि बोटानं "मे" वर टकटक केलं.

नऊच्या नऊ मुलं वळली. उंच बाई वळल्या. विशाखानं मान वर करून मला बघितलं, कागद बघितला, शांतपणे खिडकीपाशी आली आणि पडदा ओढला.

पुढची चाळीस मिनिटं मी सप्टेंबरच्या उन्हात एका डच बंगल्याच्या व्हरांड्यात, नियंत्रित प्रत छातीशी धरून, इकडून तिकडे चालत होतो. माळ्यानं मला दोनदा पाणी विचारलं. मनात एकच घोळत होतं, की हिला नाही म्हणतील आणि पुन्हा ते कपाट लागेल, आणि या वेळी ते उघडणार नाही.

ती बाहेर आली आणि गाडीत बसली. मी गाडी सुरू करायचं विसरलो.

"मी सांगितलं," ती म्हणाली, "की मला डच येत नाही. अर्जात लिहिलंय ते खोटं आहे. मला गणित येतं. मुलांना म्हटलं, हा शब्द तुम्ही मला शिकवा, मग मी तुम्हाला एक गंमत शिकवते. एक दात पडलेली मुलगी आहे, तिनं माझी तीनदा चूक काढली. घसा मात्र तिला पसंत पडला."

"मग त्या दोन-दोन टाळ्या?"

"दीडकी! एक पूर्ण टाळी, एक अर्धी. एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार. अहो, इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ, वन अँड अ हाफ, वन अँड अ हाफ करत बसले होते. तर तो मागचा मुलगा म्हणाला, आंडरहाल्फ. त्यांच्याकडे दीडला एक शब्द आहे! आपल्यासारखा! इंग्रजांकडे नाही, आणि यांच्याकडे आहे!" बोलता बोलता तिनं माझ्या हातावर टाळी दिली. अकरा दिवसांनी तिनं मला हात लावला, तोही दीडकीच्या आनंदात.

"आणि त्या बाई?"

"त्या म्हणाल्या, आमच्याकडे अकरा अर्ज आले, आठ जणींना डच गणिती संज्ञांचं मूलभूत ज्ञान आहे. शब्दन् शब्द तेच वाक्य. म्हणून हा शब्द घातला पत्रात. डच येणारी बाई आम्हाला नकोच, डच आम्हाला येतं, म्हणाल्या. गणित येणारी हवी. रविवारपासून या. पण त्याआधी खरा बायोडेटा आणा, एक पान."

म्हणजे रमणनं ते वाक्य आठ जणींना विकलं होतं. मला मात्र त्यानं ते खास म्हणून दिलं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. विशाखा शेजारी उभी राहून सांगत होती, मी पुसत होतो. डच गेलं. अरबी गेलं. उत्तम संवादकौशल्य गेलं. वाहन परवाना प्रक्रियेत असल्याचं गेलं. तिसरं पान संपलं, दुसरं संपलं. मग पहिल्यावर तळाशी एक ओळ आली: २००८ ते २०१४, स्वतंत्र शैक्षणिक सल्लागार, ओमान.

"ही कोण?" विशाखानं विचारलं.

मी तीही पुसली. जागा रिकामी राहिली. सहा वर्षांची जागा, चिपळूणच्या अकरा वर्षांनंतर, कागदावर अगदी ठळक. मी विचारलं, "इथे काय लिहू? काहीतरी लिहावं लागेल. घरची जबाबदारी लिहू? कौटुंबिक कारण?"

तिनं वाकून लॅपटॉपवरची ती रिकामी जागा बघितली. मग म्हणाली, "लिहा, या काळात शिकवायला कुणी नव्हतं."

मी लिहिलं. आतून मला फार लाज वाटली. सहा वर्षं मी घरी येऊन तिला विचारत होतो की जेवायला काय आहे, आणि त्या टेबलावर रोज काय सोडवून ठेवलेलं असायचं, ते मी बाजूला सारून ताट मांडत होतो. ओळ पुसून दुसरं काहीतरी भारदस्त घालावं म्हणून बोटं शिवशिवत होती. पुसली नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"मग उठा आता. टेबल मोकळं करा, मला बसायचंय. रविवारी नऊजण आहेत."

मी लॅपटॉप उचलला आणि माझं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून जेवलो.